‘असिद्ध सिद्धांत’ आणि कोलारचे १४० टन लोखंड

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सैद्धांतिक भौतिकशास्त्रातल्या ‘असिद्ध पण प्रस्थापित’ सिद्धांतांवरून आपल्या पत्रांच्या सदरात सध्या बरीच खडाजंगी चालू आहे. एक पक्ष म्हणतो, स्ट्रिंग थिअरी (सगळे मूलकण म्हणजे अतिसूक्ष्म, कंप पावणारे तंतू असे मानणारी) ही गणिताच्या वेषातली बुवाबाजी आहे. दुसरा म्हणतो, आइन्स्टाइनलाही लोक आधी हसलेच होते. आवेश दोन्हीकडे भरपूर, आकडा मात्र एकाही पत्रात दिसला नाही. हे पत्र आकड्यांचे आहे, म्हणून लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर मधून कुठूनही लावावी, पण कोलारचा भाग ठेवावा.

आधी शब्दाबद्दल. थिअरीला आपण सरसकट ‘सिद्धांत’ म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सिद्ध होऊन पदरात पडलेला निष्कर्ष तो सिद्धांत. मग ‘असिद्ध सिद्धांत’ म्हणजे सशाचे शिंगच की. जुन्या मराठी विज्ञानलेखनात ‘उपपत्ती’ हा शब्द असे. तो चांगला होता, इथे तोच वापरतो. उपपत्ती सिद्ध झाली का, हे विचारण्याआधी ती कुठल्या आकड्यावर हरायला तयार आहे हे विचारावे. या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी एक उपपत्ती आपल्याच देशात, जमिनीखाली २.३ किलोमीटरवर तपासली गेली, आणि या सगळ्या वादात तिचे नाव कुणी घेतले नाही.

१९७४ मध्ये हॉवर्ड जॉर्जी आणि शेल्डन ग्लॅशो यांनी एसयू(५) नावाची उपपत्ती मांडली. विद्युतचुंबकी, क्षीण आणि तीव्र ही तिन्ही बले म्हणजे मुळात एकच बल, असा तिचा दावा. या एकीची किंमत मोजावी लागते. क्वार्क (प्रोटॉनचे घटक) आणि इलेक्ट्रॉन एकाच कुटुंबात बसवले, की क्वार्कचे पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन भाराचा प्रतिकण) होणे शक्य होते, आणि मग प्रोटॉन अमर राहत नाही. (प्रोटॉन नाशवंत असावा, हे जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनीही त्याच सुमारास वेगळ्या वाटेने सांगितले होते.) आयुष्य किती, याचे गणित बसत होते. हा बदल घडवून आणणाऱ्या जड कणाच्या वस्तुमानाच्या चौथ्या घातावर ते अवलंबून असते, म्हणजे वस्तुमानाच्या अंदाजात दुपटीची चूक झाली तर आयुष्यात सोळा पटींची होते. म्हणून उत्तर एका आकड्यात येत नव्हते. पण एकावर २९ ते ३१ शून्ये इतकी वर्षे, या पट्ट्यात ते नक्की होते. उपपत्तीने आपली मान स्वतःहून सुरीखाली ठेवली होती.

विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे, म्हणजे एकावर जेमतेम १० शून्ये. एका प्रोटॉनकडे बघत बसून काही होणार नाही, पण पुष्कळ प्रोटॉन एकत्र ठेवले तर त्यातला एखादा वर्षभरात मरेल. हिशेब शाळेतल्या मोल संकल्पनेचा आहे. एक टन कुठल्याही पदार्थात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून सुमारे ६ गुणिले १० चा २९वा घात इतके असतात. १४० टन लोखंडात ते ८.४ गुणिले १० चा ३१वा घात भरतात. आयुष्य एकावर ३१ शून्ये असेल, तर त्यातले वर्षाला सुमारे आठ मरायला हवेत.

१४० टन हा आकडा हवेतला नाही. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि ओसाका व टोकियोचे जपानी गट यांनी कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९८० च्या अखेरीस जे उपकरण सुरू केले, त्याचे हे वजन. १२ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्यांची थप्पी. दोन थरांमध्ये १० सेंटिमीटर चौरस छेदाच्या, वायू भरलेल्या आणि मधोमध तार ओढलेल्या नळ्या. असे ३४ थर, आणि नळ्या एका थरात आडव्या तर पुढच्यात उभ्या. विद्युतभारित कण नळीतून गेला की तारेवर स्पंद येतो. कुठल्या कुठल्या नळ्या वाजल्या, यावरून कणाची वाट काढायची.

इतके खोल जायचे कारण म्युऑन, म्हणजे विश्वकिरणांमुळे वातावरणात तयार होऊन वरून पडणारे, इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. उपकरणाचा माथा सुमारे चार मीटर गुणिले सहा मीटर, तेव्हा वर जमिनीवर त्यावर मिनिटाला सुमारे २ लाख ४० हजार म्युऑन पडले असते, आणि त्या गदारोळात वर्षातल्या आठ घटना शोधायच्या होत्या. २.३ किलोमीटर खडकाखाली ही संख्या दिवसाला मोजक्या म्युऑनवर येते.

१९८१-८२ मध्ये कोलारच्या गटाने ‘उमेदवार’ घटना जाहीर केल्या: ज्यांची वाट उपकरणाच्या आतच सुरू होऊन आतच संपते, अशा. बाहेरून आलेला म्युऑन असे करू शकत नाही. जगभर खळबळ उडाली. पण म्युऑन अडवणारा खडक न्यूट्रिनोला, म्हणजे जवळजवळ कशातूनही आरपार जाणाऱ्या भाररहित कणाला, अडवत नाही. वातावरणात तयार झालेला न्यूट्रिनो पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूनेही आरपार येतो, लोखंडाच्या अणुकेंद्रकावर आदळतो, आणि तीही वाट आतच सुरू होऊन आतच संपते. त्यात निसर्गाची खोडी अशी, की असे बरेचसे न्यूट्रिनो एक गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (हे कणांच्या ऊर्जेचे एकक) आसपासच्या ऊर्जेचे असतात आणि त्याच एककात प्रोटॉनचे वस्तुमान आहे ०.९३८. म्हणजे नकली घटनेतून दिसणारी ऊर्जाही असलीसारखीच. असे न्यूट्रिनो हजार टनांमागे वर्षाला शे-सव्वाशे खुणा सोडतात. दोन्हींत फरक करायचा तर कण कुठल्या दिशेने धावले हे कळायला हवे. १० सेंटिमीटरच्या नळ्यांत वाट चार-सहा ठिपक्यांची दिसते, आणि कुठला ठिपका आधीचा हे समजत नाही. दोष माणसांच्या प्रामाणिकपणात नव्हता, नळीच्या रुंदीत होता.

निकाल अमेरिकेतून आला. ओहायोत, ईरी सरोवराकाठच्या मिठाच्या खाणीत सुमारे ८००० टन शुद्ध पाण्याची टाकी बांधली होती. १९८३ मध्ये तिथल्या पहिल्या ८० दिवसांच्या नोंदींतून एकही खरी घटना निघाली नाही: पॉझिट्रॉन आणि पायॉन नावाचा अल्पायुषी कण यांत फुटून, म्हणजे या वाटेने, मरायचे तर प्रोटॉनचे आयुष्य ६.५ गुणिले १० च्या ३१व्या घातापेक्षा जास्तच असले पाहिजे. कोलारचा दावा त्याखाली गेला, आणि जॉर्जी-ग्लॅशो यांची मूळ, साधी एसयू(५)ही गेली. जन्मापासून शेवटापर्यंत नऊ-दहा वर्षे. एखाद्या उपपत्तीच्या वाट्याला याहून सन्मानाचा मृत्यू क्वचितच येतो.

पाणी का जिंकले, हेही सांगायला हवे. पाण्यातल्या प्रकाशापेक्षा वेगाने धावणारा कण निळसर प्रकाशाचा शंकू टाकतो, आणि भिंतीवरच्या प्रकाशनलिकांवर त्याचे कडे उमटते. प्रोटॉन मेला तर एक कडे पॉझिट्रॉनचे, आणि उदासीन पायॉन लगेच फुटून निघालेल्या दोन गॅमा किरणांची दोन कडी, समोरासमोर. तिन्हींची ऊर्जा आणि दिशा घेऊन बेरीज केली की वस्तुमान प्रोटॉनइतके आणि एकूण संवेग जवळजवळ शून्य यायला हवा. न्यूट्रिनो एका दिशेने धक्का देत येतो, त्यामुळे त्याच्या घटनेत संवेग उरतो आणि चोर सापडतो. अडचण इथेही आहे. पाण्याच्या रेणूतल्या दहा प्रोटॉनपैकी हायड्रोजनचे दोनच मोकळे असतात. उरलेले आठ ऑक्सिजनच्या केंद्रकात हलत असतात, आणि तिथे जन्मलेला पायॉन बाहेर पडण्याआधीच गिळला जाऊ शकतो. म्हणून खऱ्या घटनांपैकी साधारण ४० टक्केच चाळणीतून पार होतात.

जपानच्या सुपर-कामिओकांडेत हेच १९९६ पासून ५० हजार टन पाण्यात चालू आहे. आतल्या भिंतींवर ११ हजारांवर प्रकाशनलिका, प्रत्येकीचे तोंड सुमारे ५० सेंटिमीटर. नोव्हेंबर २००१ मध्ये टाकी पुन्हा भरताना तळाची एक नळी पाण्याच्या दाबाने आत कोसळली. तिच्या धक्क्याने शेजारची, तिच्या धक्क्याने तिची शेजारीण, असे करत काही सेकंदांत साडेसहा हजारांवर नळ्यांचा चुरा झाला. तेव्हापासून प्रत्येक नळीला कवच असते. आजचा आकडा असा: या वाटेने प्रोटॉनचे आयुष्य २.४ गुणिले १० च्या ३४व्या घाताइतक्या वर्षांपेक्षा जास्त. प्रोटॉन अजून कुणी मरताना पाहिलेला नाही.

पण टाक्या वाया गेल्या नाहीत. आधीची ३००० टनांची कामिओकांडे प्रोटॉनसाठीच बांधली होती, नावातले ‘एनडीई’ही न्यूक्लिऑनच्या (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनच्या) ऱ्हासाचेच. तिला २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे ११ न्यूट्रिनो सापडले, आणि पुढे २००२ मध्ये मासातोशी कोशिबांना नोबेल मिळाले. प्रोटॉनच्या शोधात ज्या नकली घटना आडव्या येत होत्या, त्यांचाच हिशेब करताना सुपर-कामिओकांडेला १९९८ मध्ये न्यूट्रिनोला वस्तुमान असल्याचा पुरावा मिळाला. त्याचे नोबेल २०१५ मध्ये. वातावरणातल्या न्यूट्रिनोची पहिली नोंद १९६५ मध्ये कोलारच्या खाणीत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाणीत जवळजवळ एकाच वेळी झाली होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. खाण २००१ मध्ये बंद पडली.

गाडी रुळावरून घसरली ती यानंतर, आणि तिथे टीकाकारांचे बरोबर आहे.

१९९१ च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कणांची टक्कर घडवणाऱ्या लेप यंत्रावरच्या मापनांनी दाखवले, की साध्या एसयू(५)मध्ये तिन्ही बलांची ताकद ऊर्जेनुसार कशी बदलते हे दाखवणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळतच नाहीत, मध्ये त्रिकोण उरतो. प्रत्येक कणाला एक जड जोडीदार मानला, म्हणजेच सुपरसिमेट्री घेतली, की त्या नेटक्या मिळतात. हा मोठाच मोह होता. पण रेषा आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेवर मिळत होत्या, आणि चौथ्या घाताच्या कृपेने प्रोटॉनचे आयुष्य एकदम टाक्यांच्या आवाक्याबाहेर गेले. बदल्यात मरणाची नवी वाट निघाली: कॅऑन नावाचा अल्पायुषी कण आणि न्यूट्रिनो. ही वाट पाण्यात पकडणे महाकठीण. कॅऑन प्रकाशाच्या वेगाच्या ५७ टक्के वेगाने निघतो, पाण्यातल्या प्रकाशाचा वेग ७५ टक्के असतो. म्हणून कडे उमटतच नाही. १२ नॅनोसेकंदांनी तो फुटून जो म्युऑन निघतो, त्यावर समाधान मानावे लागते. तरीही सुपर-कामिओकांडेच्या आकड्यांवरून २००२ पर्यंत सर्वांत साधी सुपरसिमेट्रिक एसयू(५)सुद्धा मोडीत निघाली. मग थोडी कमी साधी आली. मग आणखी थोडी कमी साधी.

एलएचसीचे, म्हणजे सर्नच्याच पुढच्या, जास्त ऊर्जेच्या यंत्राचेही तसेच झाले. हिग्ज (मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण) आणि सुपरसिमेट्री या दोन शोधांत जमीन-अस्मानाचा फरक होता. हिग्ज नसता तर क्षीण बल वाहणाऱ्या डब्ल्यू कणांच्या टकरींचे गणित एक टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास कोसळत होते, संभाव्यता शंभर टक्क्यांच्या वर जात होती. म्हणून यंत्र बांधण्याआधीच माहीत होते, की हिग्ज तरी सापडेल किंवा त्याच्या जागी दुसरे काहीतरी. २०१२ मध्ये १२५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टवर हिग्ज सापडला. जोडीदार कणांना अशी हमी कधीच नव्हती. ते फार जड नसावेत, नाहीतर हिग्जचे वस्तुमान इतके कमी का हे ‘नैसर्गिक’ वाटत नाही, एवढाच आधार. आणि नैसर्गिक काय, हा अखेर रुचीचा प्रश्न. ग्लुऑनचा (तीव्र बल वाहणाऱ्या कणाचा) जोडीदार एक टेराच्या खाली मिळेल असे आधी म्हणत, आज नेहमीच्या प्रतिमानांमध्ये तो दोन टेराच्या खाली नाही, इतके ठरले आहे. यंत्राची ऊर्जा ७ वरून ८, मग १३, मग १३.६ टेरा झाली, आणि दर वेळी अपेक्षेची खुंटी थोडी पुढे रोवली गेली. याला खोटेपणा म्हणता येणार नाही, पण पराभव कुठल्या आकड्यावर मान्य करणार हे आधी लिहून ठेवले नाही की असेच होते.

स्ट्रिंग थिअरीची गोष्ट याहून वेगळी आहे, तिला सुपरसिमेट्रीच्याच दोरीला बांधू नये. तिचा पल्ला प्लांक ऊर्जेचा (जिथे गुरुत्वाकर्षणालाही पुंज नियम लावावे लागतात), म्हणजे १.२ गुणिले १० चा १९वा घात इतके गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. एलएचसीच्या सुमारे ९ गुणिले १० चा १४वा घात पट. तशाच चुंबकांनी तेवढ्या ऊर्जेचे कडे बांधायचे, तर २७ किलोमीटरच्या जागी त्याचा परीघ अडीच हजार प्रकाशवर्षे होतो. थेट चाचणीचा विषय इथेच संपतो. राहते गणिती सुसंगती, आणि तिथे तिने कमाई केली आहे: १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी एका प्रकारच्या कृष्णविवराच्या अंतर्गत अवस्था मोजल्या आणि कृष्णविवराची एन्ट्रॉपी देणाऱ्या हॉकिंग-बेकेनस्टाइन सूत्राशी उत्तर तंतोतंत जुळले. मात्र ते कृष्णविवर पाच मितींतले, सुपरसिमेट्रिक. आकाशात तसले एकही दिसलेले नाही. आपल्या पत्रलेखकांपैकी कुणीही ही पुस्ती जोडली नाही.

आणि ‘सगळे स्ट्रिंगवाले एका माळेचे मणी’ हेही खरे नाही. आपल्या विश्वासारखे, प्रसरणाचा वेग वाढत जाणारे विश्व स्ट्रिंग थिअरीत कसे बसवावे, याची सर्वांत गाजलेली कृती २००३ ची. तिच्या चार लेखकांपैकी संदीप त्रिवेदी हे मुंबईच्या टाटा संस्थेचे. २०१८ मध्ये वाफा आणि सहकाऱ्यांनी अटकळ मांडली, की असे टिकून राहणारे विश्व या उपपत्तीत बसतच नाही. म्हणजे तिच्यातून आपले विश्व निघते की नाही, यावर तिचे जाणकारच आपसात भांडत आहेत. बाहेरच्या टीकेपेक्षा हे भांडण जास्त बोलके आहे. पैशांची उधळपट्टी हा आरोप मला फुसका वाटतो: पगार, कागद, फळा, एवढाच तर खर्च. खरा प्रश्न नेमणुकांचा आहे. एकाच वाटेच्या लोकांनी निवड समित्या भरल्या की दुसऱ्या वाटेच्या मुलांना जागा राहत नाही.

काही पत्रांत बंडखोरांचे दाखले म्हणून डॉ. जयंत नारळीकरांचे नाव आले. त्यांचे उदाहरण जरूर घ्यावे, पण पुरते घ्यावे. ते ज्या स्थिर स्थिती उपपत्तीच्या बाजूने उभे होते ती प्रस्थापितांच्या विरोधात होतीच, शिवाय ती आकड्यात बोलत होती. विश्व सदासर्वकाळ सारखेच असेल, तर मंद रेडिओ स्रोतांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा झपाट्याने वाढता कामा नये. केंब्रिजच्या मार्टिन राईल यांनी १९६१ मध्ये मोजलेली वाढ त्याहून तीव्र निघाली. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल आणि नारळीकर यांनी त्या मोजणीचा प्रतिवाद केला, पण १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण, म्हणजे विश्वाच्या तप्त आरंभाची खूण, सापडले आणि बहुतेकांच्या लेखी निकाल स्थिर स्थितीच्या विरुद्ध लागला. नारळीकरांनी पुढेही वेगळी मांडणी सोडली नाही. बंडखोराला परीक्षेतून सूट मागण्याची त्यांची पद्धत नव्हती.

‘आइन्स्टाइनलाही शंभर वर्षे लागली’ म्हणणाऱ्यांना एवढेच: गुरुत्वीय लहरी १९१६ च्या गणितात होत्या आणि २०१५ मध्ये सापडल्या हे खरे, पण त्या किती मोठ्या असतील हे समीकरण सांगत होते. या लहरी टिपणाऱ्या लायगो यंत्राच्या चार किलोमीटरच्या बाहूत फरक पडेल तो प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतका, हे आधी माहीत होते म्हणूनच यंत्र तसे बांधता आले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाचे जे बाहू उभे राहायचे आहेत, त्यांची लांबी त्याच हिशेबातली. उशीर आणि पळवाट यांत फरक असतो.

आता विनंती आपल्याकडे. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीने विश्वाच्या आरंभीच्या महाप्रसरणाची खूण सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी पहिले पान दिले. निरीक्षण १५० गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर होते. आकाशगंगेतली धूळही तिथे तशीच चमकते. प्लांक उपग्रहाच्या ३५३ गिगाहर्ट्झच्या नोंदी जोडल्यावर वर्षभरात खूण धुळीत मिळाली. ती बातमी कुठल्या पानावर आली होती?

पुढचा प्रसंग दूर नाही. चीनमध्ये २० हजार टन चकाकणाऱ्या द्रवाची जूनो टाकी २०२५ मध्ये सुरू झाली, तिला पाण्यात न दिसणारा कॅऑन थेट दिसू शकतो. जपानमध्ये २ लाख ६० हजार टनांची हायपर-कामिओकांडे उभी राहते आहे. तिच्या वापरात येणाऱ्या सुमारे १ लाख ८८ हजार टनांत ६.३ गुणिले १० चा ३४वा घात इतके प्रोटॉन असतील. आयुष्य एकावर ३५ शून्ये धरले आणि ४० टक्क्यांची चाळणी लावली, तर चार वर्षांत एक घटना हाती येईल. ती ‘पहिली उमेदवार घटना’ आली, की प्रोटॉन मेल्याची बातमी आपल्या टेबलावर येईलच. तेव्हा मथळा देण्याआधी वृत्तसंस्थेला एवढे विचारावे, की त्याच चार वर्षांत न्यूट्रिनोच्या किती नकली घटना अपेक्षित होत्या. तो आकडा बातमीच्या पहिल्या परिच्छेदात छापावा.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक अध्यापक, मिरज